आगायच्या शेजारची जागा

४ ऑक्टोबर

आज नव्या जर्सी आल्या. छातीवर वळलेल्या शिंगांचा डोंगरी बोकड, पाठीवर ‘एक’ हा नंबर आणि त्याच्यावर माझं नाव, तोल्कुन. चौदा वर्षं मी याच नंबरने गोलमध्ये उभा राहतोय, पण आजवर तो माझी बायको बुरुल घरी कापडातून कापून शिवायची. या वेळी छापून आलाय. बुरुलने बोटाने खरवडून बघितला आणि म्हणाली, दोन धुण्यांत निघेल.

आमचा ‘कायबेरेन’ संघ यंदा पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये खेळणार. आमच्या डोंगरातल्या नारिनला उघड्या मैदानावर खेळायला वर्षातले चारच महिने मिळतात, बाकीचे दिवस बर्फ. त्यामुळे इथली पोरं छपराखाली, लाकडी फळ्यांवर, पाच विरुद्ध पाच असा फुटबॉल खेळतच मोठी होतात. तरी राजधानीतल्या लोकांना आमचं हसू येतं. दहा संघ आहेत, शेवटचे दोन खाली जातील. आमचे अध्यक्ष शेरिपबाइके दूध डेअरी चालवतात. त्यांनी सांगून टाकलंय की खाली गेलो तर डेअरी संघ बंद करणार. म्हणजे अर्धी पोरं मॉस्कोला बांधकामावर.

मी सदतीस वर्षांचा आहे. हा हंगाम माझ्या आयुष्यातला मोठा हंगाम ठरणार, म्हणून ही वही.

१२ ऑक्टोबर

राजधानीत, बिश्केकला, पहिली मॅच. सहा-दोन हरलो. सहातले तीन गोल कोणालाच अडवता आले नसते. एक माझ्या पायांमधून गेला. उरलेल्या दोन गोलांबद्दल मला लिहायचं नाही.

१९ ऑक्टोबर

आज मला बाकावर बसवलं.

एर्निसला गोलमध्ये उभं केलं. कोचकोरचा पोरगा आहे, चोवीस वर्षांचा, हात दारांच्या फळ्यांएवढे. त्याच्याशी माझं भांडण नाही. मॅचच्या आधी तो माझ्याजवळ येऊन, खाली बघत, थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाला, “बाइके, मी काही मागितलं नव्हतं.” मी त्याचे हातमोजे घट्ट बांधून दिले. मनातून मात्र आगायचा राग आला होता.

एसेनकुल आगाय आमचे प्रशिक्षक. शाळेत ते आम्हाला व्यायामाचे गुरुजी होते, म्हणून अख्खं गाव त्यांना आगायच म्हणतं. अकरा वर्षांचा असताना फळ्यांवर कसं पडायचं ते त्यांनीच मला शिकवलं. त्या माणसाने मला कारण तरी सांगायचं. ते नाही. उलट आपल्या शेजारच्या जागेवर हात आपटून म्हणाले, इथे बस आणि काय दिसतंय ते सांगत राहा.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण चाळीस मिनिटं सोडलं नाही. समोरच्या संघाचा सात नंबर कुठे उभा आहे, त्याचे खांदे कुठे वळलेत, आपला जोल्दोश दमलाय का. स्वतःच्या डोळ्यांसमोर चाललेली मॅच दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची ही कसली तऱ्हा? शाळेत फळ्यासमोर उभं करून विचारायचे, तसं वाटलं.

चार-चार बरोबरी. तो सात नंबर उजव्या पायाने मारायच्या आधी खांदा पाडतो, हे मी सांगितलं होतं. आगायनी लगेच वेळ मागून पोरांना सांगितलं. त्यानंतर त्याने एकही गोल केला नाही.

३ नोव्हेंबर

तलासला जाऊन जिंकलो, तीन-दोन. मी पुन्हा बाकावर.

आगाय मोठे खेळाडू आहेत हे मान्य करायला हवं. मध्यंतरात त्यांनी तलासच्या एका बदली खेळाडूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “शाब्बास जोल्दोश, असाच दाबून ठेव.” तो पोरगा इतका गोंधळला की उतरल्यावर त्याने पहिलाच पास बाहेर घालवला. जोल्दोश आमचा कर्णधार आहे, दाढीवाला. त्या पोराला मिसरूड फुटलं नव्हतं. अशी चाल माझ्या डोक्यात कधीच आली नसती.

परतताना कोचकोरला जेवायला थांबलो. आगायनी चहा पेल्याच्या बाजूला टेबलावरच ओतला. जिंकल्याचा आनंद माणसाला असा होतो.

१७ नोव्हेंबर

हरलो. लिहिण्यासारखं नाही.

बुरुल म्हणाली, हॉलच्या पायऱ्या उतरताना आगायना हात देत जा. मी म्हटलं, त्रेसष्टाव्या वर्षीही तो माणूस माझ्यापेक्षा सरळ चालतो. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ती इस्पितळात परिचारिका आहे, तिला सगळीकडे रोगीच दिसतात.

१ डिसेंबर

सात मॅच झाल्या. दोन जिंकल्या, दोन बरोबरीत, तीन हरलो. आठवा नंबर. मी एकच खेळलो.

शेजारी बसून सांगण्याची मात्र सवय लागली आहे. परवा बुरुलबरोबर बाजारात गेलो तर मी तिला सांगत होतो, तो बटाटेवाला आता डावीकडे सरकणार, त्याची नजर मागच्या गिऱ्हाइकावर आहे. तो सरकला. बुरुल हसत सुटली. मला हसू आलं नाही. गोलकीपरचं काम चेंडू अडवणं आहे, बोलणं नाही.

१४ डिसेंबर

शेरिपबाइकेंनी डेअरीत बोलावलं. ताजी साय आणि गरम तळलेले बोर्सोक पुढे ठेवले. मग दार लावून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं की आगायचं काहीतरी बिघडलंय. मागच्या आठवड्यात ते शेरिपबाइकेंनाच ओळख न दाखवता समोरून निघून गेले. पंचाला आमचा खेळाडू सामात समजून हाक मारली. राजधानीतला एक प्रशिक्षक यायला तयार आहे. पण गावाचा आगायवर जीव आहे, त्यांना काढायचं तर संघातल्याच कोणी जुन्या माणसाने तोंड उघडायला हवं. ते म्हणाले, “तू चौदा वर्षांचा जुना. तू म्हणालास की म्हातारा थकलाय, तर कोणी बोलणार नाही. आणि नवा माणूस अनुभवी गोलकीपरला बाकावर बसवणार नाही.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

नाही म्हटलं नाही. ही वही माझी आहे, म्हणून खरं लिहितो. घरी येईपर्यंत, नदीवरचा पूल ओलांडताना, मी मनात स्वतःला गोलमध्ये उभं बघत होतो आणि मला बरं वाटत होतं.

बुरुलला सांगितलं नाही.

११ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर सरावाचा पहिला दिवस. दहाला बोलावलं होतं. शेरिपबाइकेंना उत्तर द्यायचं होतं म्हणून मी साडेनऊलाच हॉलवर पोचलो. ते सरावाआधी येतो म्हणाले होते. दिवे लागलेले, खिडक्यांतून बर्फाचा उजेड आत येत होता. आत आगाय एकटेच. रेषेपासून बाकापर्यंत चालत होते आणि पावलं मोजत होते. बाकावर हात ठेवायचे, वळायचे, पुन्हा मोजत परत. पुढच्या आडव्या रेषेवर बुटाने चाचपून थांबायचे.

मी गोलच्या खांबाशी उभा होतो. आठ पावलांवर. ते सरळ माझ्याकडे तोंड करून थांबले आणि म्हणाले, “कोण आहे? एर्निस?”

मी एक पाऊल पुढे टाकलं.

“तोल्कुन असशील तर बोल. तू बोलला नाहीस तर मला कसं कळणार?”

तलासचा तो बदली खेळाडू, टेबलावरचा चहा, पायऱ्या, सगळं एकदम डोक्यात आलं. मी तीन महिने त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

आम्ही दोघं बाकावर बसलो. ते शांतपणे सांगत होते. डावा डोळा दोन वर्षांपासून धुक्यात गेला, उजवा गेल्या उन्हाळ्यापासून. मोतीबिंदू आहे, काढता येतो, डॉक्टर कधीही या म्हणाले होते. पण एकेक डोळा, मग सांभाळणं, म्हणजे अर्धा हंगाम घरी. मधल्या काळात बाहेरचा माणूस येणार, तो आपले खेळाडू घेऊन येणार आणि जोल्दोश, सामात, एर्निस सगळे नव्या वर्षाआधी घरी बसणार. म्हणून त्यांनी ठरवलं की एप्रिलपर्यंत, हंगाम संपेपर्यंत, असंच रेटायचं.

मी विचारलं, “मग मला का बसवलंत? मी खेळण्यालायक राहिलो नाही म्हणून?”

ते म्हणाले, “एर्निस तुझ्याइतकाच चांगला अडवतो. पण बाकीच्यांना चेंडू दिसतो, तोल्कुन. तुला चेंडू येण्याआधी दिसतो. मला चेंडू दिसणारा माणूस नको होता.”

शेरिपबाइके दहा मिनिटांनी आले. मला बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं, आगायना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं.

घरी येऊन बुरुलला सांगितलं. तिला ऑक्टोबरपासून माहीत होतं. त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे तीच गेली होती. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती, आणि मला वाटलं तुला कळेलच, रोज शेजारी बसतोस.

शेरिपबाइकेंची गोष्टही मग मी तिला सांगितली. तिने ऐकून घेतलं, चहा ओतला आणि म्हणाली, “नाही म्हणालास ना शेवटी? पी.”

२६ जानेवारी

जिंकलो. पाच-एक.

आज मी पहिल्यांदा न विचारता बोललो. आता आमची पद्धत बसली आहे. मी काय चाललंय ते सांगतो, ते पुढे काय होणार ते सांगतात, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. त्यांच्या डोक्यात अख्खं मैदान आहे. मी फक्त त्यात माणसं उभी करतो.

९ फेब्रुवारी

जिंकलो. काराकोलला. येताना बसमध्ये सामात गात होता आणि कोणी त्याला थांबवलं नाही, यावरून काय ते समजावं.

२३ फेब्रुवारी

बरोबरी. पण काय बरोबरी. शेवटच्या चाळीस सेकंदांत दोन गोल. एर्निसने तर दहा मीटरवरून मारलेला पेनल्टीचा फटका अडवला. त्याआधी मी बाकावरून ओरडून सांगितलं होतं की हा खाली मारणार. एर्निस मॅचनंतर धावत आला आणि मला उचललं. मी ब्याण्णव किलोचा आहे. पाठ धरली त्याची.

२१ मार्च, नूरुझचा सण

कालपासून चौकात कढई चढलेली. बायका रात्रभर ढवळून गव्हाच्या अंकुरांचं सुमोलोक शिजवतात, त्यातल्या एकीने पेला भरून माझ्या हातात दिला आणि विचारलं की सामात डाव्या पायाने मारायला का घाबरतो. मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं. मागे रांग लागली होती, तीही ऐकत होती. एक म्हातारा म्हणाला, आता आगायसारखाच बोलायला लागलास.

मी घरी येऊन बुरुलला सांगितलं की लोक काहीही बोलतात. ती म्हणाली, हो ना.

३० मार्च

सामातशी झालेल्या टकरीत एर्निसचं बोट मोडलं. आणि मॅचही हरलो. आता एकच उरली, पुढच्या शनिवारी, घरच्या हॉलमध्ये, ओशशी. एक गुण मिळाला तर राहतो, हरलो तर खाली. ओशला अजिंक्यपद हवंय, त्यांना जिंकायलाच लागेल.

गोलमध्ये मी. सहा महिने याचीच वाट बघत होतो आणि आज बातमी कळली तेव्हा पहिला विचार आला की मग आगायशेजारी कोण बसणार.

मी त्यांना विचारलं, आता तरी पोरांना सांगायचं का. नको म्हणाले, मॅचआधी नको, पोरं चेंडूऐवजी माझ्याकडे बघत बसतील.

जेवताना बुरुल म्हणाली, बाकावर एक वैद्यकीय माणूस चालतो ना? माझ्याकडे इस्पितळाचा कागद आहे. चौदा वर्षं तुझी प्रत्येक मॅच बघितली आहे मी, मला काय सांगायचं ते कळतं.

आगायना सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला जरा वाईटच वाटलं.

६ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आवाज गेलाय, पण लिहायला आवाज लागत नाही.

हॉलमध्ये सहाशे खुर्च्या आहेत. हजार माणसं होती. कोणीतरी ढोल आणला होता. बुरुल संघाचं जाकीट घालून, मांडीवर पट्ट्यांचा डबा घेऊन आगायच्या शेजारी बसली होती. शेरिपबाइकेंनी भुवया उंचावल्या, पण तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आपल्या खुर्चीकडे वळले.

मॅच सगळी सांगत नाही. आम्ही दोन गोलांनी मागे, मग तीन-दोन पुढे, मग तीन-तीन. मी बरं अडवलं. दोन तर फार चांगले अडवले, ते गाव सांगेल.

दीड मिनिट उरलं होतं. ओशने आपला गोलकीपर बाहेर काढला आणि त्याच्या जागी पाचवा हल्लेखोर उतरवला. पाच जण आमच्या अंगावर आणि त्यांचा गोल रिकामा. त्यांच्या नऊ नंबरने मारलेला चेंडू मी छातीवर धरला. मान वर केली. समोर चाळीस मीटरवर उघडी जाळी, मध्ये कोणी नाही. आयुष्यात मी एकही गोल केलेला नाही. मी अंगातलं सगळं बळ लावून चेंडू फेकला. तो एकदा टप्पा पडला, दोनदा पडला आणि जाळीत शिरला.

पुढची दहा सेकंदं माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची. मी धावत सुटलो. हात पसरून मधली रेषा ओलांडली, प्रेक्षकांसमोर गेलो आणि तिथे नाचलो. लग्नात कधी नाचलो नव्हतो. अख्खा हॉल उभा होता.

गोलकीपरने हाताने फेकलेला चेंडू थेट आत गेला तर गोल धरत नाहीत. सव्वीस वर्षं खेळतोय. हा नियम मी एर्निसला शिकवलाय.

बाकावर काय झालं ते जोल्दोशने नंतर सांगितलं, तो तेव्हा पाणी प्यायला तिथेच बसला होता. बुरुल एकही शब्द न गाळता सांगत होती.

“चेंडू त्यांच्या गोलमध्ये गेला, आगाय. तोल्कुनने टाकला.”

“पायाने?”

“हाताने.”

“पंच काय करतोय?”

“नाही म्हणतोय. चेंडू ओशच्या हातात दिला.”

“आणि तोल्कुन?”

“नाचतोय, आगाय.”

तेव्हा आगाय उठले आणि सहा महिन्यांत कधी ओरडले नव्हते असे ओरडले. “तोल्कुन, मागे.” शाळेच्या मैदानावरचाच आवाज. माझे पाय डोक्याच्या आधी वळले. वळून बघतो तर ओशचा लांब चेंडू माझ्या डोक्यावरून चाललेला आणि त्याच्याखाली त्यांचा नऊ नंबर, आणि माझा गोल उघडा. सामातने त्याला खांद्याने जरा अडवलं, फक्त जरा. मी कसा पोचलो माहीत नाही. पोचलो आणि घसरलो, तोंड जाळीकडे आणि पाठ चेंडूकडे करून. त्याने मारला तो फटका माझ्या बसायच्या जागेवर बसला आणि बाहेर गेला. आज मला उभ्यानेच लिहावं लागतंय.

तीन-तीन. सातवा नंबर. राहिलो.

लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. मला घ्यायला पाच जण लागले. मग डेअरीच्या आवारात मेंढी कापली, आणि सगळे बसल्यावर आगाय उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. की गेला संपूर्ण हंगाम त्यांना मैदानाचं दुसरं टोक दिसलेलं नाही. सामातच्या हातातलं हाडूक तसंच राहिलं.

शेरिपबाइके म्हणाले, “म्हणजे अर्धा संघ तोल्कुननेच चालवला?”

आगाय म्हणाले, “अर्धा नाही.”

मी लगेच म्हटलं की तसं काही नाही, मी फक्त दिसेल ते सांगत होतो. पण तोवर एर्निस त्याच्या मोडक्या बोटाच्या हाताने टेबल बडवायला लागला होता, आणि मग सगळेच.

१५ मे

बिश्केकला आगायच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी आणि बुरुल दोघं बरोबर गेलो. आज पट्टी काढली.

ते आधी बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग परिचारिकेच्या कोटाची बटणं मोजली. बुरुलला म्हणाले, सूनबाई, तू आहेस तशीच आहेस. मग माझ्याकडे वळले. पुढे वाकून, मान तिरकी करून बघितलं.

“तोल्कुन, केस कुठे गेले?”

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा बुरुलच्या हसण्याने जागा झाला.

मग त्यांनी ओशची मॅच दाखव म्हटलं. सामातच्या बहिणीने फोनवर घेतली होती. आम्ही पलंगावर बसलो, फोन त्यांच्या हातात. मी सुरुवात केली, हा सात नंबर डावीकडून येतोय. ते म्हणाले, गप्प बस, मला दिसतंय. माझा नाच त्यांनी तीनदा बघितला.

संपल्यावर त्यांनी सांगितलं की डावा डोळा जूनमध्ये. आणि पुढच्या हंगामात ते बाकावर बसणार नाहीत. लोकांमध्ये वर बसून, बिया खात, प्रशिक्षकाला शिव्या घालणार आहेत. चाळीस वर्षं राहिलेली हौस आहे. त्यांच्या जागेबद्दल शेरिपबाइकेंशी बोलणं झालंय, फक्त माझं होय यायचं आहे.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. बुरुल खिडकीबाहेर बघून हसत होती, हे मला तिच्या पाठीवरूनही दिसलं.

१७ मे

ऊन पडलंय. नदीला पाणी वाढलंय.

बुरुल विचारते आहे, सकाळपासून काय लिहितोयस. ऑगस्टमध्ये सरावाला कोणाला बोलवायचं त्यांची नावं, असं सांगितलं. पहिलं नाव गोलकीपरचं लिहिलं. माझं नाही.